टोकन नंबर ४१७

"टोकन नंबर चारशे सतरा आजही गैरहजर," सबनीस साहेब म्हणाले आणि त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं, की जणू त्या माणसाला मीच घरी लपवून ठेवलंय.

"साहेब, ते डेन्मार्कला असतात," मी म्हणाले.

"असू देत. पहिली पाळी साडेसातला सुरू होते."

"पण तिथून रोज येणं..."

"लांबून येणारे बरेच आहेत. निपाणीहून येतात, गडहिंग्लजहून येतात. वेळेवर येतात." त्यांनी मस्टरमध्ये लाल शाईनं एक 'ग' काढला. "हा तिसरा, मगदूम. पाच झाले की रजेचा अर्ज मागवायचा. आठ झाले की कारणे दाखवा नोटीस. हे मी ठरवलेलं नाही."

सबनीस साहेब आमच्या टाइम ऑफिसचे प्रमुख. मस्टर कॉम्प्युटरवर येऊन चार वर्षं झाली होती, तरी ते वहीतही हजेरी मांडत. कॉम्प्युटर आजारी पडला तर त्याच्या जागी बदली कोण, असा त्यांचा सवाल होता आणि त्याला आजवर कुणी उत्तर दिलेलं नव्हतं.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत चौगुल्यांची फाउंड्री. लोखंड वितळवून पंपाची आणि व्हॉल्व्हची कास्टिंग काढायची. मी तिथं कॉम्प्युटर विभाग होते. 'विभागात' नव्हे, विभागच. सहा महिने परीक्षेवर, आणि ते महिने संपत होते एका शुक्रवारी. नेमक्या त्याच शुक्रवारी दुपारी तीनला डेन्मार्कच्या एका पंप कंपनीचं आमच्याकडे ऑडिट होतं, व्हिडिओवरून.

त्या कंपनीची अट साधी होती. त्यांच्या कास्टिंगची ड्रॉइंग आणि एक्स-रे त्यांच्या माणसाला तिथं बसून, स्वतःच्या हातानं उघडता आले पाहिजेत. ईमेलनं पाठवायचे नाहीत, पेनड्राइव्हनं द्यायचे नाहीत, आणि त्यांचे कागद दुसऱ्या कुणाला दिसता कामा नयेत. हे जमलं तर त्यांचं काम आम्हाला. दोन वर्षं थंड पडलेली आमची दुसरी भट्टी त्या कामावर पेटणार होती. नाही जमलं तर भट्टी तशीच राहणार, आणि मी जयसिंगपूरला आत्याच्या झेरॉक्सच्या दुकानात जाणार. आत्यानं स्टूल विकत घेऊन ठेवलं होतं.

ड्रॉइंग, एक्स-रे, तपासणीचे दाखले, सगळं होतं एका काळ्या पेटीत. नेटवर्कवरचं स्टोरेज ते. आकार पावाच्या लादीएवढा. पेटी कंपनीच्या डोमेनला जोडलेली होती. म्हणजे काय, तर तिला माणसं स्वतःहून ओळखता येत नसत. कुणी दार वाजवलं की ती सर्व्हरला विचारायची, 'हा आपला का?' सर्व्हर आपली यादी बघायचा. आणि सर्व्हरच्या यादीत नाव यायचं टाइम ऑफिसच्या मस्टरवरून. सबनीस साहेबांनी मस्टरवर नाव चढवलं की पुढच्या तासाच्या ठोक्याला त्या माणसाचं खातं तयार. उतरवलं की बंद. हा सगळा घाट माझ्या आधीच्या माणसानं घातला होता, आणि घालून तो दुबईला गेला होता.

आता बाहेरच्या माणसाला पेटी उघडून द्यायची तर काय करायचं? मी चोवीस वर्षांची होते, हुशार होते, आणि मला घाई होती. मी सबनीस साहेबांकडे गेले आणि म्हणाले, "साहेब, यांना मस्टरवर घ्या."

त्यांनी फॉर्म काढला. "नाव?"

"हेन्रिक लुंडगार्ड."

"वडिलांचं नाव?"

"माहीत नाही."

"रक्तगट?"

"साहेब, अंदाजे लिहा ना."

"रक्तगट अंदाजे नसतो." तरी त्यांनी 'बी पॉझिटिव्ह' लिहिलं, कारण चौकट रिकामी ठेवली तर कॉम्प्युटर पुढं सरकत नव्हता. "खातं कुठलं?"

"कुठलंही घाला."

"'कुठलंही' नावाचं खातं आपल्याकडे नाही. फेटलिंगमध्ये एक जागा आहे."

फेटलिंग म्हणजे कास्टिंगला चिकटलेलं फालतू लोखंड ग्राइंडरनं घासून काढायचं खातं. दिवसभर ठिणग्या आणि धूळ. अशा रीतीनं डेन्मार्कचा मुख्य तपासणी अधिकारी आमच्या फेटलिंग खात्यात पहिल्या पाळीला लागला. सेफ्टी बूट नऊ नंबर, कारण शिल्लक तेवढेच होते.

पुढच्या ठोक्याला त्याचं खातं तयार झालं. मी त्याला नाव आणि पासवर्ड कळवला. दहा मिनिटांत त्याचा ईमेल आला : "धन्यवाद. माझे एक्स-रे दिसले." मी खुर्चीत एक गिरकी घेतली. खुर्ची मोडकी होती, त्यामुळे अर्धीच.

दुसऱ्या दिवसापासून त्याला आमच्या हजेरीच्या सिस्टिमचे निरोप जाऊ लागले. 'आपण आज कामावर गैरहजर आहात. कृपया टाइम ऑफिसशी संपर्क साधावा.' मराठीतून. तो बिचारा यंत्राकडून भाषांतर करून घ्यायचा आणि प्रत्येकाला उत्तर द्यायचा. "मान्य आहे. मी गैरहजर आहे." सबनीस साहेबांनी ती उत्तरं छापून फाइलला लावली. "कबुलीजबाब," ते म्हणाले.

पाच 'ग' झाल्यावर रजेचा अर्ज गेला. तो त्यानं भरून पाठवला. रजेचं कारण या रकान्यात लिहिलं होतं, 'मी डेन्मार्कमध्ये राहतो.'

सबनीस साहेबांनी खाली शेरा मारला : 'कारण समाधानकारक नाही. नामंजूर.'

"साहेब, यापेक्षा खरं कारण कुठलं असणार?" मी म्हणाले.

"खरं असेल. पण ते उद्याही असणार आहे, परवाही असणार आहे. रजेच्या कारणाला शेवट लागतो, मगदूम."

मी नामंजूर अर्ज घेऊन जागेवर परत आले.

त्याच आठवड्यात फेटलिंगचे मुकादम इब्राहिम मुल्लाणी माझ्या टेबलाशी आले. सगळे त्यांना मामा म्हणत. चाळीस वर्षं ग्राइंडरशेजारी काढल्यामुळे ते शेजारच्याशीही पलीकडच्या शेडमधल्याशी बोलावं तसे बोलत.

"ताई, आमच्या खात्यातला चारशे सतरा कोण ओ?"

"का मामा?"

"न्हाई, कँटीनमधनं त्याच्या नावचं दोन वडं रोज येत्यात. आम्ही खातोय, त्याचं काय न्हाई. पण माणूस काय आजारीबिजारी न्हाई न्हवं? घरचं कोण बघायला हाय का?"

मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हंजे बाहेरचा हाय."

"हो."

"पण आता आमच्या खात्यात हाय."

"कागदावर."

"कागदावर का असंना," मामा म्हणाले आणि गेले. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

आठ 'ग' भरले. कारणे दाखवा नोटीस गेली. सोमवार फाउंड्रीची सुट्टी. मंगळवारी सकाळी मी आले तर हेन्रिकचं तीन पानी उत्तर येऊन पडलेलं. त्यातली पावणेतीन पानं नोटिशीला होती, मुद्दे पाडून. शेवटच्या पाव पानात दोन गोष्टी होत्या.

'एक : मला नऊ नंबरचे सेफ्टी बूट मंजूर झाल्याचं आपल्या यादीत दिसलं. माझा नंबर साडेअकरा आहे.

'दोन : ही यादी शोधताना मला आपल्या दुसऱ्या एका ग्राहकाची, म्हणजे आमच्या प्रतिस्पर्धी कंपनीची ड्रॉइंग दिसली. मी ती लगेच बंद केली. पण मला त्यांची दिसतात, याचा अर्थ त्यांना माझी दिसू शकतात. शुक्रवारी ऑडिट सुरू होण्यापूर्वी माझं हे कर्मचारी म्हणून असलेलं खातं बंद झालेलं असावं. नाहीतर ऑडिट सुरू करण्यात अर्थ नाही.'

पहिली ओळ वाचून मी हसत होते. दुसरी वाचून झाल्यावर ते हसू तोंडावर तसंच राहिलं, कारण ते काढून कुठं ठेवावं कळेना. मस्टरवरचा प्रत्येक माणूस 'सर्व कर्मचारी' या गटात आपोआप जायचा, आणि त्या गटाला पेटीतली जवळजवळ सगळी फोल्डरं उघडी होती. मी पाहुण्याला ओसरीवर बसवायच्या ऐवजी थेट स्वयंपाकघरात नेऊन फडताळाच्या चाव्या दिल्या होत्या.

मालकांना सांगणं भाग होतं. भूपालअण्णा चौगुले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एकच चालणारं. सगळं ऐकून त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. खिडकीतून दुसरी भट्टी दिसायची. तिच्यावर कबुतरं बसायची.

"पोरी, चूक कुणाची?"

"माझी, अण्णा."

"दुबईवाल्याची न्हाई? सबनीसाची न्हाई?"

"थोडी थोडी त्यांची. पण मस्टरवर घ्या असं मीच म्हणाले."

"बरं." त्यांनी फोन उचलला. "त्या दुसऱ्या पंपवाल्यांना मी आत्ताच सांगतो, तुमची ड्रॉइंग एका परक्याला दिसली म्हणून. शिव्या खातो. त्या माझ्या वाटणीच्या. शुक्रवार तुझ्या वाटणीचा."

मी जागेवर आले, अण्णांनी त्यांना कळवल्याचं हेन्रिकला लिहिलं आणि त्याचं खातं हातानं बंद केलं. अकराच्या ठोक्याला मस्टरनं ते पुन्हा उघडलं. मी पुन्हा बंद केलं. बाराला पुन्हा उघडलं. एकला मी जेवायला न जाता स्क्रीनसमोर बसून राहिले. ते माझ्या डोळ्यांदेखत उघडलं. मस्टरवर जो आहे तो आहे, असं दुबईवाल्यानं लिहूनच ठेवलं होतं.

तशीच टाइम ऑफिसला गेले. "साहेब, चारशे सतराचं नाव उतरवा."

"का?"

"ते आपले कामगार नाहीत."

"नाहीत? मग रोज गैरहजर कोण असतं?"

"साहेब, पाया पडते. आत्ता उतरवा."

"त्यांच्यावर चौकशी प्रलंबित आहे. चौकशी चालू असताना नाव उतरवता येत नाही, राजीनामाही घेता येत नाही. उद्या एखादा चोरी करेल आणि नोटीस मिळाल्यावर राजीनामा देऊन निघून जाईल. चालेल?" मग ते थोडे मऊ झाले. म्हणजे टोपण लावून पेन खाली ठेवलं. "मगदूम, बाहेरच्या माणसाला मुळात मस्टरवर घेतलंतच कशाला?"

"कारण पेटी फक्त मस्टरवरच्यांनाच ओळखते."

"पण बाहेरच्यांसाठी गेटवर वही आहे की. रोज पन्नास माणसं येतात. ट्रकवाले, भंगारवाले, तुमच्या प्रिंटरची शाई बदलणारा. मी त्यांना ओळखतो का? मला त्यांची नावंही कळत नाहीत. गेटवर नाव लिहितात, कुणाला भेटणार, काम काय, आत किती वाजता, बाहेर किती वाजता. चिठ्ठीवर जिथं लिहिलंय तिथंच जायचं. आणि संध्याकाळी चिठ्ठी रद्द." त्यांनी माझ्याकडे खरोखरच्या कुतूहलानं बघितलं. "तुमच्या पेटीला गेट नाही?"

मी परत येऊन पेटीचं माहितीपुस्तक उघडलं. दोनशे चाळीस पानांचं. सहा महिन्यांत मी त्याचं फक्त मुखपृष्ठ वाचलं होतं, कारण त्यावर पेटीचा फोटो होता. शहाऐंशीव्या पानावर होतं. पेटी डोमेनला जोडलेली असली, तरी तिला स्वतःची एक वेगळी यादी ठेवता येते. त्या यादीतल्या माणसांना सर्व्हर ओळखत नाही, मस्टर ओळखत नाही. त्यांना फक्त ही पेटी ओळखते, आणि तीही दाखवू तेवढ्याच दारापुरती.

पेटीला गेट होतं. वही पण होती. कोरी.

बुधवार-गुरुवार मी दुसरं काही केलं नाही. आधी 'सर्व कर्मचारी' गटाचा सगळीकडचा शिरकाव काढला आणि ज्याचं काम त्याचंच फोल्डर केलं. ड्रॉइंग ऑफिसात बोंबाबोंब झाली, कारण एकमेकांच्या फोल्डरमध्ये सिनेमे ठेवायची त्यांची पद्धत होती. मग पेटीच्या स्वतःच्या यादीत हेन्रिकचं नाव घातलं. कुणाला भेटणार : एक फोल्डर. काम काय : फक्त बघणं, खोडणं नाही, बदलणं नाही. बाहेर कधी : तीन महिन्यांनी खातं आपोआप बंद. पासवर्डवर न भागता दर वेळी त्याच्या मोबाइलवरचा ताजा आकडा मागायचा. वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून येणंजाणं कुलूपबंद. आणि कोण किती वाजता आला, काय उघडलं, याची नोंद. आमचे साच्यांचे पॅटर्न बनवणारे, पुण्याची तपासणी लॅब, सगळे बाहेरचे याच वहीत घेतले.

राहिला मस्टरवरचा हेन्रिक. नावाचं उतरणं ठोक्याला व्हायचं. म्हणजे शुक्रवारी तीनच्या ठोक्याआधी चौकशी पुरी होऊन, निकाल लागून, राजीनामा मंजूर व्हायला हवा होता.

"अडीचला घेऊ," सबनीस साहेब म्हणाले. "कामगाराला समजेल अशा भाषेत घ्यावी लागेल. डॅनिश दुभाष्याची चौकशी केली मी. कोल्हापुरात नाही. सांगलीतही नाही."

हेन्रिकनं इंग्रजी चालेल असं लेखी दिलं, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

शुक्रवार. अडीच. मीटिंगच्या खोलीत टेबलाच्या एका टोकाला अण्णा, दुसऱ्या टोकाला मस्टर घेऊन सबनीस साहेब, मध्ये मी भाषांतराला. भिंतीवरच्या पडद्यावर हेन्रिक. पन्नाशीचा, उंच, टाय लावलेला. त्याच्यामागे एक रिकामी पांढरी भिंत.

सबनीस साहेबांनी सुरुवात केली. "टोकन नंबर चारशे सतरा, आपल्यावर अकरा दिवस विनापरवाना गैरहजेरीचा आरोप..."

दार उघडलं. मामा आत आले. अंगावर फेटलिंगची धूळ, हातात टोपी.

"मामा, इथं चौकशी चालू आहे," मी म्हणाले.

"म्हणूनच आलोय. चौकशीत कामगाराच्या बाजूनं त्याच्या खात्यातला माणूस बसतोय, नियम हाय. व्हय का न्हाई सबनीस साहेब?"

सबनीस साहेब उठून उभेच राहिले. एवढ्या वर्षांत त्यांच्यासमोर कुणी स्वतःहून नियम सांगितला नव्हता. "आहे. बसा."

"आमच्या खात्यातला माणूस एकटा चौकशीला बसणार न्हाई," मामा पडद्याकडे बघून, शिरोली ते डेन्मार्क ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. हेन्रिकनं आपल्या बाजूचा आवाज कमी केला आणि मान लववली.

मी घड्याळ बघितलं. दोन चाळीस. वीस मिनिटं, आणि मामांना बोलायला आवडायचं.

"पहिली गोष्ट," मामा म्हणाले. "ह्यो माणूस एकदा तरी उशिरा आलाय का?"

सबनीस साहेबांनी मस्टर चाळलं. "नाही. आलेलेच नाहीत."

"म्हंजे उशीर न्हाई. लिवा. दुसरी गोष्ट. खात्यात कुणाशी भांडण?"

"नोंद नाही."

"त्याचं वडं आम्ही खाल्लं. कधी तक्रार?"

"नाही."

"लिवा." अण्णांनी रुमाल तोंडाला लावला. दोन सत्तेचाळीस. "आता मुद्द्याचं. ह्याला बूट कुठल्या नंबरचा दिला?"

"नऊ."

"आन् पाय केवढा? ताई, इचारा."

मी विचारलं. हेन्रिकनं गंभीरपणे सांगितलं, "साडेअकरा."

मामा खुर्चीत मागे टेकले. "साहेब, फेटलिंगमध्ये बिनबुटाचा माणूस आत घ्यायचा न्हाई, हे दारावर कुणाच्या सहीनं लावलंय?"

सबनीस साहेब हळूच म्हणाले, "माझ्या."

"मग ह्यो गडी पयल्या दिवशी साडेसातला डेन्मार्कहून आला असता, तरी तुम्ही त्याला आत घेतला असता का?"

सबनीस साहेब मस्टरची पानं उलटू लागले. दोन पन्नास. दोन एक्कावन्न. मला वाटलं, हा माणूस आता दुसरा एखादा नियम काढणार आणि आत्याचं स्टूल माझ्या नशिबी येणार. मग त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं, निळं पेन काढलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं :

"योग्य मापाचे बूट पुरवले न गेल्यामुळे कामगारास कामावर हजर होणे नियमाने शक्य नव्हते. आरोप सिद्ध होत नाही."

मामांनी टोपी डोक्यावर घातली. हेन्रिकचा राजीनामा तयारच होता. त्यानं पडद्यावर धरला आणि लगेच पाठवला. प्रिंटरनं कागद ओढायला त्या दिवशी जेवढा वेळ घेतला तेवढा कधी घेतला नसेल. सबनीस साहेबांनी सही केली, शिक्का मारला, शिक्क्यावर फुंकर घातली, आणि मग कॉम्प्युटरकडे वळून एका बोटानं चार... एक... सात दाबलं. दोन अठ्ठावन्न.

तीनचा ठोका पडला. माझ्या स्क्रीनवर मस्टरवरचा हेन्रिक लुंडगार्ड बंद झाला आणि बंदच राहिला.

"सुरू करू या," पडद्यावरचा हेन्रिक म्हणाला. आवाज तोच, पण आता तो तपासनीस होता.

त्यानं आधी जुन्या नावानं दार वाजवलं. उघडलं नाही. मग नव्या नावानं. पेटीनं मोबाइलवरचा आकडा मागितला, त्यानं घातला. एक फोल्डर आलं. त्याचं. त्यानं एक एक्स-रे उघडला आणि आमच्या कास्टिंगचा करडा सांगाडा भिंतीभर झाला. त्यानं तो खोडून बघितला. खोडला गेला नाही. प्रतिस्पर्ध्याचं फोल्डर ज्या नावानं दिसलं होतं ते टाइप करून बघितलं. काही नाही. मागच्या बाजूनं, वरच्या बाजूनं, जुन्या दुव्यावरून, वीस मिनिटं तो माझ्या पेटीभोवती फिरत होता आणि प्रत्येक खिडकी ढकलून बघत होता. एकही उघडली नाही. त्यानं कुठं हात लावला ते सगळं माझ्या स्क्रीनवर वेळेसकट उमटत होतं.

मग तो थांबला. काहीतरी लिहिलं. वर बघितलं आणि मला म्हणाला, "एक प्रश्न. हा त्या गृहस्थांना विचारा. मी कामावर आलो नाही, हे त्यांना पहिल्यांदा कधी कळलं?"

मी विचारलं.

"पहिल्या दिवशी," सबनीस साहेब म्हणाले. "सात पस्तीसला. पाच मिनिटं सवलत असते."

हेन्रिकनं तेही लिहिलं. आणि मग तो पहिल्यांदा हसला.

"मी आजवर त्रेसष्ट कारखाने तपासलेत," तो म्हणाला. "सगळीकडे एकच रोग. यादीत अशी नावं असतात, ज्यांना कुणी ओळखत नाही. सोडून गेलेली माणसं, कधी न आलेली माणसं. वर्षानुवर्षं त्यांची दारं उघडी. कुणाच्या लक्षातही येत नाही. तुमचा रजेचा अर्ज मी गैरसमजातून भरला. वाटलं, तुमच्या सुरक्षेच्या कागदपत्रांतलाच एक. नोटिशीचं उत्तर मात्र मुद्दाम लिहिलं. हे कुठवर जातात ते मला बघायचं होतं." त्यानं पान उलटलं. "दुसऱ्या ग्राहकाची ड्रॉइंग दिसणं हा गंभीर दोष होता. मी तो लिहिणार आहे. तीन दिवसांत दुरुस्त झाला आणि मालकांनी त्या ग्राहकाला स्वतः कळवलं, तेही लिहिणार आहे. आणि त्याखाली लिहिणार आहे की, या कारखान्याच्या यादीत एक परकं नाव शिरलं, तर पाचव्या मिनिटाला त्याची विचारणा झाली आणि ते बाहेर पडेपर्यंत एक दिवसही थांबली नाही. असं मी कुठंच बघितलेलं नाही. मंजूर."

मी 'मंजूर'चं भाषांतर करायला तोंड उघडलं. गरज नव्हती. अण्णा उठले, बाहेर गेले, आणि मिनिटाभरानं फाउंड्रीचा भोंगा वाजला. पावणेचारला. पाळी सुटायला अजून पाऊण तास होता. तिन्ही शेडमधली माणसं पाळी सुटली म्हणून हातपाय धुवायला नळावर पळाली, आणि दुसऱ्या भट्टीवरची कबुतरं उडाली ती परत बसलीच नाहीत. महिन्याभरात भट्टी पेटली.

"हे बेकायदेशीर आहे," भोंगा ऐकत सबनीस साहेब म्हणाले. पण ते हसत होते. तशी नोंद मी स्वतः घेतली आहे. मग त्यांनी फाइलमधून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. माझं कायम झाल्याचं पत्र. सकाळचीच तारीख.

"साहेब, हे सकाळीच तयार होतं?"

"सहा महिन्यांत तुमचा एकही 'ग' नाही, मगदूम. आणखी काय बघायचं?"

पडद्यावरून हेन्रिक अजून गेला नव्हता. त्याला काहीतरी हवं होतं आणि मागायला संकोच वाटत होता. शेवटी म्हणाला, "नोकरी सोडताना तुमच्याकडे काही दाखला देतात का?"

"देतात," सबनीस साहेब म्हणाले. "मागितला तर द्यावाच लागतो."

पुढच्या वर्षी हेन्रिक शिरोलीला आला. गेटवर वहीत नाव लिहिलं, चिठ्ठी घेतली आणि आधी फेटलिंगमध्ये गेला. मामांनी साडेअकरा नंबरचे बूट आणून ठेवले होते आणि दोन वडे. आता आमचं दर महिन्याला व्हिडिओवर बोलणं होतं. त्याच्यामागची भिंत रिकामी नाही. तिथं काचेच्या चौकटीत आमच्या टाइम ऑफिसचा शिक्का मारलेला मराठी कागद आहे, आणि इथून मला तो नीट वाचता येतो :

'टोकन नंबर ४१७, हेन्रिक लुंडगार्ड यांनी आमच्या फेटलिंग खात्यात काम केले नाही. हजेरी : शून्य. वर्तणूक : उत्तम.'